सह्याद्रीतील मध : मोहोळापासून मधपेटीपर्यंत

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात ऊस, कापूस आणि ज्वारी यांविषयी विपुल लेखन झाले असले, तरी या सर्वांहून जुने असलेले मधाचे उत्पन्न मात्र किरकोळ वनोपजांच्या यादीत बहुधा एका शब्दापुरतेच उरले आहे. नांगर हाती येण्याच्या कितीतरी आधी माणूस मध गोळा करीत होता आणि पुढे शेती, धर्मविधी, वैद्यक, वनखाते, ग्रामोद्योग व प्रयोगशाळा या प्रत्येकाशी मधाचा संबंध येत गेला. त्यामुळे सह्याद्रीतील मधाचा मागोवा घेऊ लागताच, जंगलातील उपजावर हक्क कोणाचा, निसर्गातून काही घेताना त्याचा नाश किती होऊ द्यावा आणि विज्ञानाचा लाभ डोंगरातल्या गरीब कुटुंबापर्यंत कसा पोचवावा, हे प्रश्न क्रमाने समोर येतात. या इतिहासाचा ओघ मोहोळ लुटण्याकडून माशी सांभाळण्याकडे गेला, हे सर्वमान्य आहे. परंतु त्यातील यशापयश उपकरणांपेक्षा फुलणाऱ्या झाडांनी अधिक ठरवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सह्याद्रीतील मधमाश्या

महाराष्ट्रात निसर्गतः आढळणाऱ्या मधमाश्यांचे चार प्रकार मानले जातात आणि त्यांच्या सवयींतील फरक समजल्याशिवाय मधाच्या व्यवसायाची घडण समजत नाही. यांपैकी सर्वांत मोठी ती आग्या माशी. उंच झाडाची आडवी फांदी, कड्याचा कंगोरा, जुन्या किल्ल्याची कमान किंवा पुलाची खालची बाजू अशा उघड्या जागी ती एकच प्रचंड पोळे बांधते. त्याची रुंदी कधी कधी मीटरभराहून अधिक असते आणि त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा पसरलेला असतो. गांधीलमाशी जवळ येताच या पडद्यातील माश्या क्रमाक्रमाने पोट उचलतात, त्यामुळे पोळ्यावर लाटा फिरल्यासारख्या दिसतात आणि शत्रू बिचकून मागे सरतो. आग्या माशी ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते आणि वर्षानुवर्षे त्याच झाडावर किंवा त्याच कड्यावर परतते. चांदण्या रात्री, चंद्र निम्म्याहून मोठा असताना, ती अन्नशोधासाठी बाहेर पडते, हेही अभ्यासाने सिद्ध झालेले आहे. उघड्यावर एकच पोळे बांधण्याच्या स्वभावामुळे तिला पेटीत पाळता येत नाही.

दुसरी सातेरी माशी. ही झाडांच्या ढोल्या, वारुळे, भिंतींतील पोकळ्या अशा अंधाऱ्या जागी एकमेकींना समांतर अशी अनेक पोळी बांधते. पूर्व आणि दक्षिण आशियात सर्वत्र आढळणाऱ्या मधमाशीचा हा भारतीय प्रकार होय. अंधार आणि समांतर पोळी या दोन सवयींमुळेच ती पेटीत राहू शकते आणि महाराष्ट्रातील मधपालनाचा सारा पाया तिच्यावर उभा आहे. तिसरी फुलोरी माशी आकाराने लहान असून झुडपाच्या डहाळीवर तळहाताएवढे एकच पोळे बांधते व तिच्याकडून मध अत्यल्प मिळतो. चौथी पोयाची माशी डंखहीन असते आणि भिंतीच्या फटीत मेण व झाडांचा डिंक यांच्या मिश्रणाने लहान कुपीसारखी साठवणघरे तयार करते. तिचा आंबूस मध औषधी म्हणून वापरला जात आला आहे.

प्राचीन काळातील मध

मध गोळा करण्याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध चित्र स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतातल्या बिकोर्प येथील गुहेत आहे. वेलींना लोंबकळत पोळ्यापाशी पोचलेली मानवाकृती आणि भोवती उडणाऱ्या माश्या त्यात दिसतात. भारतात मध्य प्रदेशातील पचमढीच्या डोंगरांतील शैलाश्रयांमध्ये शिड्या लावून मोहोळ उतरवणाऱ्या माणसांची चित्रे आढळली आहेत. माश्या पाळण्याचा सर्वांत जुना चित्रमय पुरावा मात्र इजिप्तमधील अबू गुराब येथील न्युसेरा राजाच्या सूर्यमंदिरात असून तो ख्रिस्तपूर्व सुमारे 2400 वर्षांचा आहे; त्यात आडव्या मातीच्या नळ्यांतून मध काढून तो भांड्यांत भरला जाताना दाखवला आहे. इस्राएलमधील तेल रेहोव येथे तर ख्रिस्तपूर्व दहाव्या-नवव्या शतकांतील मातीच्या नळ्यांचे आख्खे मधुवनच उत्खननात सापडले. भारतीय उपखंडातही हिमालयाच्या पट्ट्यात घराच्या भिंतीत कोनाडे ठेवून सातेरीच्या जातीची माशी पाळण्याची जुनी चाल होती आणि विल्यम मूरक्रॉफ्ट या प्रवाशाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काश्मीरमधील या पद्धतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. सह्याद्रीत मात्र मध पाळीव माशीकडून नव्हे, तर जंगलातील ढोलीतून आणि कड्यावरून येत राहिला.

वैदिक वाङ्मयात मधाला मोठे स्थान आहे. अश्विनीकुमारांचा मधाशी असलेला संबंध, बृहदारण्यकोपनिषदातील मधुविद्या आणि अतिथीला अर्पण करावयाचा मधुपर्क या सर्वांतून मध हा मांगल्याचा आणि सत्काराचा पदार्थ ठरला. महाराष्ट्रातील विवाहविधीत वराला दिला जाणारा मधुपर्क आणि देवपूजेतील दूध, दही, तूप, मध व साखर यांचे पंचामृत ही त्याच परंपरेची आजची रूपे होत. साखरेचा प्रसार होण्यापूर्वी गोडीचे मुख्य प्रमाण मधच होते. अलेक्झांडरच्या मोहिमेबरोबर आलेल्या नीआर्कसने भारतातील उसाविषयी लिहिताना, माश्यांवाचून मध देणारे वेळू असे त्याचे वर्णन केले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक व्यापारग्रंथातही भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडून आफ्रिकेच्या बाजारांत जाणाऱ्या साखरेचा उल्लेख वेळूचा मध असाच आला आहे.

आयुर्वेदाने मधाचा विचार अधिक काटेकोरपणे केला. चरकसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक असे मधाचे चार प्रकार सांगितले आहेत, तर सुश्रुतसंहितेत त्यांची संख्या आठ आहे. ही वर्गवारी मुख्यतः मध देणाऱ्या माशीच्या प्रकारावर आधारलेली आहे. भिन्न माश्यांचा मध भिन्न गुणांचा असतो हे त्या काळच्या वैद्यांनी ओळखले होते, असे यावरून म्हणता येते. मध तापवू नये, हा आयुर्वेदाचा आग्रहही लक्षणीय आहे. तापवलेला मध विषासमान होतो या मूळ विधानाला आधुनिक रसायनशास्त्राने दुजोरा दिलेला नाही. परंतु उष्णतेने मधातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, निकामी होतात व हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल या संयुगाचे प्रमाण वाढते, आणि म्हणूनच त्याचे मोजमाप आज मधाच्या दर्जाची एक कसोटी मानले जाते.

वनातील मध आणि वनाचा कायदा

सह्याद्री आणि सातपुड्याच्या रांगांत मध काढण्याचे कौशल्य प्रामुख्याने महादेव कोळी, कातकरी, ठाकर, कोरकू आणि गोंड या समाजांनी जपले. कड्यावरचे आग्या मोहोळ काढणे हे जोखमीचे काम असून ते बहुधा अंधाऱ्या रात्री केले जाई. ओल्या-सुक्या पाल्याची पेटती चूड पोळ्याखाली धरली, की माश्या धुराने व ठिणग्यांनी विखुरत आणि मग पोळे कापून भांड्यात किंवा टोपलीत घेतले जाई. धुराचा परिणाम दुहेरी असतो. धोक्याचा इशारा देण्यासाठी माश्या सोडतात त्या रसायनाचा वास धुरात हरवतो आणि आग लागल्याच्या समजाने माश्या पोटभर मध पिऊन घेतात, त्यामुळे त्यांची आक्रमकता उतरते. धुराचा हा उपयोग इजिप्तपासून सह्याद्रीपर्यंत सर्वत्र अनुभवातून सापडलेला आहे आणि आजच्या मधपाळाच्या हातातील धुरांडे हे त्याच चुडीचे सुधारलेले रूप आहे.

या पद्धतीचा दोष असा की त्यात संपूर्ण पोळे नष्ट होत असे. आग्या माशीच्या पोळ्यात मध वरच्या भागात, फांदीलगतच्या जाड पट्ट्यात साठवलेला असतो आणि खालच्या मोठ्या भागात अंडी, अळ्या व कोष असतात. तरीही सारे पोळे कापून हाताने पिळले जाई, त्यामुळे मधात परागकण, मेण आणि अळ्यांचा रस मिसळून तो लवकर आंबे, आणि जळालेल्या माश्यांबरोबर पुढची पिढीही संपे. मेणाची गोष्ट वेगळी होती. ते टिकाऊ असल्याने त्याला दूरचा बाजार होता. मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांना त्याची गरज असे.

ब्रिटिश राजवटीत या व्यवहाराचे कायदेशीर स्वरूप बदलले. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या व्याख्येत वनोत्पादनांमध्ये मध आणि मेण यांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून मध आणणारा माणूस राखीव जंगलात सरकारी मालाला हात लावणारा ठरला आणि मध गोळा करण्याचे हक्क मक्त्याने देण्याची रीत रूढ झाली. मक्तेदाराला एका हंगामापुरताच हक्क असल्याने पोळे राखण्यात त्याचा काहीच स्वार्थ नव्हता, आणि काढणाऱ्या माणसाला वजनावर मोबदला मिळत असल्याने तो हाती लागेल ते सारे पिळून देई. वन्य मधमाश्यांच्या नाशाचे खापर आदिवासींच्या अज्ञानावर फोडण्याची सवय अनेक लेखकांना असली, तरी त्या नाशामागील आर्थिक व्यवस्था या कायद्याने आणि मक्तेदारीने घडवली होती, हे नोंदवणे न्यायाचे आहे. ही व्यवस्था पालटण्यास 2006 साल उजाडावे लागले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणाऱ्या त्या वर्षीच्या अधिनियमात गौण वनोपजांच्या व्याख्येत मध व मेण यांचा नामनिर्देश असून त्यांच्या मालकीचा हक्क वननिवासींना देण्यात आला.

चौकटीची पेटी

मोहोळ न मोडता मध मिळवण्याचा प्रश्न सुटला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागे मधमाशीच्या जीवनाचा दीर्घ अभ्यास होता. पोळ्यातील सर्वांत मोठी माशी राजा नसून अंडी घालणारी राणी आहे हे सतराव्या शतकात यान स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञाने विच्छेदनाने दाखवले. स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा ह्यूबरने दृष्टी गेलेली असताना साहाय्यकाच्या डोळ्यांनी निरीक्षणे करून 1792 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि राणीचा संयोग पोळ्याबाहेर, उडताना होतो हे सिद्ध केले. नर माश्या अफलित अंड्यांतून जन्मतात हा सिद्धांत यान झिएर्झोन या धर्मगुरूने 1845 मध्ये मांडला.

या ज्ञानाला व्यवहारात उतरवले अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी. पोळे आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये सुमारे साडेनऊ मिलिमीटरची मोकळी जागा ठेवल्यास माश्या ती जागा ये-जा करण्यासाठी राखतात, तिथे ना मेणाचा जोड देतात ना डिंकाने ती बुजवतात, हे तत्त्व त्यांनी 1851 मध्ये वापरले आणि 1852 मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. प्रत्येक पोळे स्वतंत्र लाकडी चौकटीत बांधले गेल्याने ते उचलून तपासता येऊ लागले आणि पिलांचा कक्ष खाली व मधाचा कक्ष वर अशी विभागणी शक्य झाली. त्यानंतर 1857 मध्ये योहानेस मेहरिंग यांनी मेणपत्रा, म्हणजे षट्कोनी ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा, तयार केला आणि 1865 मध्ये फ्रान्झ ह्रुश्का यांनी मधयंत्र पुढे आणले. या यंत्रात चौकटी गरगर फिरवल्या की केंद्रोत्सारी बलाने मध बाहेर पडतो आणि रिकामे पोळे जसेच्या तसे माश्यांना परत देता येते. एक किलो मेण तयार करण्यासाठी माश्यांना त्याच्या कित्येक पट मध खर्च करावा लागतो. पोळे वाचले म्हणजे तो मधही वाचतो, हे या शोधाचे आर्थिक मर्म होते.

भारतात या पद्धतीचे प्रयत्न 1880 च्या दशकात सुरू झाले. टपाल व तार खात्यातील जॉन डग्लस यांचे भारतासाठीचे मधपालनावरील मार्गदर्शक पुस्तक 1884 मध्ये निघाले. परंतु युरोपीय माशीसाठी बेतलेली पेटी सातेरीला मोठी पडे. सातेरी आकाराने लहान, तिची वसाहत कमी संख्येची आणि पोळ्यांमधील अंतरही कमी. जास्तीची पोकळी उबदार ठेवणे तिला जमत नसे. दक्षिण भारतात रेव्हरंड न्यूटन या धर्मगुरूंनी 1910 च्या सुमारास सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली. न्यूटन पेटी या नावाने ओळखली जाणारी ही पेटी आणि तिच्यावरून घडलेले प्रकार दक्षिण व पश्चिम भारतात रूढ झाले. स्थानिक माशीच्या अंगाने उपकरण बदलल्यावरच भारतीय मधपालनाला खरा आरंभ झाला, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वर्धा, महाबळेश्वर आणि पुणे

महाराष्ट्रात या व्यवसायाला वैचारिक बळ मिळाले ते ग्रामोद्योगाच्या चळवळीतून. गांधीजींच्या प्रेरणेने डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचे काम चालू लागले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. तेलघाणी, हातकागद आणि हातसडीचा तांदूळ यांबरोबर मधमाशीपालनही संघाच्या कार्यक्रमात होते. जमीन, मोठे भांडवल आणि वीज यांपैकी काहीही न लागणारा, शेतीच्या पिकाला अपाय न करता उलट ते वाढवणारा आणि हिंसेऐवजी संगोपनावर उभा राहिलेला हा उद्योग गांधीविचाराशी सर्व अंगांनी जुळणारा होता.

प्रत्यक्ष मधपालनाचे केंद्र मात्र सातारा जिल्ह्यात उभे राहिले. स्वातंत्र्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग यंत्रणेने महाबळेश्वर परिसरात काम सुरू केले. सदाहरित जंगल, थंड हवा, सातेरीच्या भरपूर नैसर्गिक वसाहती आणि तुटपुंज्या डोंगरउतारावरील शेतीवर जगणारी कुटुंबे, अशी सर्व अनुकूलता तिथे एकत्र होती. जंगलातील ढोलीतून वसाहत काढून पेटीत वसवणे, राणी ओळखणे, मेणकिड्याचा बंदोबस्त करणे आणि मधयंत्राने मध काढणे यांचे शिक्षण गावोगावी दिले गेले. पुढे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयाचे मुख्यालय महाबळेश्वर येथेच राहिले, आणि मधोत्पादकांच्या सहकारी संस्थेमुळे डोंगरातील मधपाळाला व्यापाऱ्याच्या दारी न जाता आपला मध विकण्याची सोय झाली. महाबळेश्वरचा मध म्हणून आज पर्यटकांना ठाऊक असलेली ख्याती या सहकारावर उभी आहे.

संशोधनाच्या बाजूने पुण्याचे महत्त्व मोठे आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली आणि डॉ. जी. बी. देवडीकर यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या कार्याला दिशा दिली. माशीचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती जाण्यात औचित्य होते, कारण मधात सापडणाऱ्या परागकणांच्या सूक्ष्मदर्शी परीक्षणावरून तो मध कोणत्या फुलांचा, कोणत्या हंगामाचा आणि साधारणतः कोणत्या प्रदेशाचा हे ठरवता येते. परागविश्लेषण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीमुळे मधाचा प्रत्येक नमुना त्या परिसरातील वनस्पतींचा पुरावा बनतो.

फुलांपासून मधापर्यंत

मध फुलांत तयार मिळत नाही. फुलांतील मकरंद हा साखरेचा पातळ द्राव असतो; कामकरी माशी तो आपल्या मधकोशात, म्हणजे पचनसंस्थेपासून झडपेने वेगळ्या केलेल्या पिशवीत, साठवून आणते आणि पोळ्यातील माश्या तो तोंडातोंडी देत त्यात विकरे मिसळतात. त्यांपैकी इन्व्हर्टेज या विकरामुळे मकरंदातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करांत रूपांतर होते, तर ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे ग्लुकॉनिक आम्ल आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी साधारण एक पंचमांशापर्यंत उतरवतात आणि मग मेणाच्या झाकणाने घर बंद करतात. पाण्याची टंचाई, आम्लता आणि पेरॉक्साइड यांमुळे जंतूंची वाढ खुंटते, आणि याच कारणाने मध टिकतो व जखमेवरही उपयोगी पडतो. ग्लुकोजचे प्रमाण अधिक असलेला मध थंडीत दाणेदार होतो. ती भेसळीची खूण नव्हे, फुलांच्या जातीनुसार घडणारी नैसर्गिक क्रिया आहे.

मधाच्या या गुणांना एक अपवाद आहे आणि तो सांगणे आवश्यक आहे. नवजात बालकाला जातकर्म विधीत मध व तूप चाटवण्याची रूढी महाराष्ट्रात जुनी आहे. परंतु मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात, तर तान्ह्या मुलाच्या आतड्यात वाढून घातक विष तयार करतात. म्हणून एक वर्षाखालील बालकाला मध देऊ नये, असे आधुनिक वैद्यक निःसंदिग्धपणे सांगते.

माश्या फुलोऱ्याचा ठावठिकाणा एकमेकींना नृत्यातून कळवतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले व त्यासाठी 1973 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. फुलोऱ्याची दिशा सूर्याच्या संदर्भात आणि अंतर नृत्याच्या कालावधीतून व्यक्त होते. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी 1950 च्या दशकात श्रीलंकेत आशियाई जातींचा अभ्यास केला. उघड्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर थेट सूर्याकडे पाहून नाचणारी फुलोरी आणि अंधारात उभ्या पोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या आधारे तीच दिशा दाखवणारी सातेरीची जात यांची तुलना करून त्यांनी या भाषेच्या उत्क्रांतीवर प्रकाश टाकला.

सह्याद्रीचा फुलोरा वर्षात मुख्यतः दोनदा येतो: पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडापासून. जांभूळ, हिरडा, गेळा आणि अंजन ही इथल्या मधाची महत्त्वाची झाडे असून जांभळाचा मध रंगाने गडद व चवीला किंचित तुरट असतो. कारवीचे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच सामुदायिकपणे फुलते, बी धरते आणि मरते. त्या वर्षी जांभळ्या फुलोऱ्याने भरलेल्या उतारांवरून मिळणारा दाट मध मधपाळाच्या आयुष्यात मोजक्याच वेळा येतो. याउलट जून ते सप्टेंबर या काळात, महाबळेश्वरच्या पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसात, माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा पेट्या कमी पावसाच्या भागात हलवाव्या लागतात किंवा साखरेचा पाक देऊन वसाहती जगवाव्या लागतात. फुलोरा तुटला, की सातेरी पेटी सोडून निघून जाते. तिला धरून ठेवणारी एकमेव गोष्ट म्हणजे परिसरातील फुले होत.

रोग, परकी माशी आणि भेसळ

विसाव्या शतकाच्या अखेरीस या व्यवसायावर मोठे संकट आले. थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगात अळी कोषात जाण्यापूर्वीच द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. 1976 मध्ये थायलंडमध्ये प्रथम आढळलेला हा रोग 1978 मध्ये भारतात नोंदला गेला आणि 1991-92 मध्ये केरळ, तामिळनाडू व कर्नाटक या राज्यांतील सातेरीच्या बहुसंख्य पाळीव वसाहती त्याने नष्ट केल्या. याच काळात युरोपीय माशीचा प्रसार वाढत गेला. 1960 च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन पंजाबातील नगरोटा येथे पंजाब कृषी विद्यापीठाच्या ए. एस. अटवाल यांनी तिला यशस्वीपणे वसवले होते; इटालियन माशी या नावाने ती महाराष्ट्रातही आली आणि सूर्यफूल, कारळे व मोहरी यांच्या पिकांमागे पेट्यांची फिरती वाहतूक सुरू झाली.

सातेरीच्या तुलनेत ही माशी कित्येक पट मध देते, हे निर्विवाद आहे. परंतु ती विस्तीर्ण पिकांच्या मैदानांची माशी आहे, दाट जंगलाची नव्हे. व्हरोआ या रक्तशोषक कोळ्याचा मूळ यजमान सातेरीची जात असल्याने एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढण्याची सवय तिच्यात विकसित झाली आहे, तर युरोपीय माशी औषधोपचाराशिवाय त्याला बळी पडते. पोळ्यावर आलेल्या गांधीलमाशीला सातेरीच्या जातीच्या माश्या चहूबाजूंनी वेढतात आणि त्या गोळ्यातील तापमान सुमारे 46 अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन तिला उष्णतेने मारतात. परक्या माशीपाशी असे प्रभावी शस्त्र नाही. डोंगरातील कुटुंबाने दोन-चार पेट्या अल्प खर्चात सांभाळायच्या असतील, तर सातेरीला पर्याय नाही.

बाजारातील संकट भेसळीचे आहे. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 13 ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. नेहमीच्या चाचण्यांत सहज उतरतील असे साखरेचे पाक मधात मिसळले जात असल्याचा तिचा निष्कर्ष कंपन्यांनी नाकारला, तरी मधाच्या शुद्धतेचा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला. स्वस्त पाकामुळे मधाचा भाव पडतो आणि त्याचा पहिला फटका खरा मध काढणाऱ्या लहान मधपाळाला बसतो.

मधाची गावे आणि पुढील वाट

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 16 मे 2022 रोजी देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यातील पाटगावानेही तोच मार्ग धरला. आग्या माशीच्या बाबतीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापण्याचे आणि पिलांचा भाग माश्यांसाठी राखण्याचे शिक्षण दिले. अशा पोळ्यावर माश्या पुन्हा मध भरतात, त्यामुळे एकाच मोहोळातून हंगामात एकाहून अधिक वेळा स्वच्छ मध मिळू शकतो. मोहोळ काढणाऱ्याच्या हाती 2006 च्या कायद्याने हक्क आणि या पद्धतीने साधन, अशा दोन्ही गोष्टी आल्या आहेत.

तथापि मधमाशीचे खरे मोल मधापेक्षा परागीभवनात आहे. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून, मुख्यतः कीटकांकडून, होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असतात. महाराष्ट्रातील कांदा व सूर्यफूल यांचे बीजोत्पादन आणि कलिंगड, काकडीवर्गीय भाज्या यांचे पीक माशीवाचून साधत नाही. पीक फुलावर असताना केलेली कीटकनाशकाची फवारणी म्हणूनच शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान करते. माशीही मरते आणि फळधारणाही घटते.

न्यूटनची पेटी, मेणपत्रा, मधयंत्र आणि सहकारी विक्री यांनी मोठे काम केले. पण त्यांपैकी कोणत्याही साधनाने मकरंदाचा एक थेंबही निर्माण केला नाही. महाबळेश्वरला मधपालन रुजले ते तिथे जांभूळ, हिरडा आणि कारवी होती म्हणून, आणि जिथे डोंगर उघडे पडले तिथे वाटलेल्या पेट्या रिकाम्या राहणे अटळ आहे. यास्तव मधपालनाच्या प्रत्येक योजनेने किती पेट्या वाटल्या याच्या हिशेबाआधी त्या पेट्यांच्या परिसरात वर्षभर फुलणारी किती झाडे राखली व लावली याचा हिशेब द्यावा, सातेरीच्या निरोगी वसाहतींची पैदास स्थानिक पातळीवर करावी, फुलोऱ्याच्या काळात फवारणी टाळण्याचा नियम ग्रामसभांनी करावा आणि ग्राहकाने मधपाळाच्या मधाला योग्य भाव द्यावा. सह्याद्रीतील मधाचे भवितव्य या चार गोष्टींवर अवलंबून आहे.